निहोंगा आणि अमूर्त चित्र: फुजिमुरांसारखे खनिज रंगांचे थर वडोदऱ्यात कसे बांधायचे?

दांडियाबाजार_रंग

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या गटाने माकोतो फुजिमुरा यांच्या चित्रपद्धतीचा अभ्यास हाती घेतला आहे. नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म १९६०, बोस्टन. पदवीचं शिक्षण अमेरिकेत, मग टोकियोच्या राष्ट्रीय कला विद्यापीठात कायामा मताझो यांच्या हाताखाली निहोंगाचं, म्हणजे खनिज रंग सरसात कालवून काम करणाऱ्या जपानी चित्रपरंपरेचं, रीतसर शिक्षण. दळलेली खनिजं, प्राण्यांच्या कातड्याचा सरस, सोन्याचांदीचा वर्ख, कुमोहादा कागद, असं साहित्य सगळं परंपरेतलं. चित्र मात्र अमूर्त. २०११ च्या त्सुनामीतल्या मृतांच्या स्मरणार्थ केलेली त्यांची निळी चित्रं जवळून पाहिली की रंग लावलेला वाटत नाही, साचत गेलेला वाटतो.

आम्हाला नक्कल करायची नाही, थर कसे चढतात ते समजून घ्यायचं आहे. सध्या २ बाय ३ फुटांच्या प्लायवर ३०० जीएसएमचा हातकागद चिकटवलेला आहे. दगडी निळा आणि हिरवा जयपूरचा, सरस सुतारकामाच्या दुकानातला, तुरटी किराण्यातली. पहिले दोन थर व्यवस्थित बसतात. चौथ्या थरानंतर वाळलेल्या रंगावरून बोट फिरवलं की निळी भुकटी बोटाला लागते. त्याच फलकाच्या एका कोपऱ्यात मात्र उलटा प्रकार आहे, तिथे रंगाला चकाकी आली आहे आणि पापुद्रे सुटताहेत. एकाच मिश्रणातून दोन विरुद्ध दोष कसे?

शिवाय कागद आणि रंग इथलेच वापरून चालतील का, पावसाळ्यात हे काम करावं का, आणि मुख्य म्हणजे या चित्रांतली अमूर्तता आधी योजलेली असते की रंग वाहताना घडते, यावरही जाणकारांनी लिहावं.

खलबत्ता

ताई, दोष दोन असले तरी कारण एकच आहे: सरस फलकभर सारखा बसलेला नाही. पापुद्रे सुटताहेत त्या कोपऱ्यावर पाणसळ ठेवून पाहा, तो बाकीच्या फलकापेक्षा खाली असणार. खनिजाचा जाड कण पडला तिथेच बसतो. सरसाचं पाणी मात्र उताराकडे जातं. म्हणून वरच्या भागात कण सरसावाचून कोरडे राहिले आणि खालच्या कोपऱ्यात सरसाचं डबकं वाळलं. सरस वाळताना आकसतो. जास्त साठला की खालचा थरही ओढून उचलतो, तेच तुमचे पापुद्रे. निहोंगाचं काम जमिनीवर किंवा टेबलावर आडवं ठेवून करतात त्याचं कारण हेच. फलकाखाली चारी बाजूंनी लाकडाच्या चिपा सरकवून पाणसळ मध्यावर आणा, मगच पुढचा थर.

दुसरा भाग मिश्रणाचा. कोरडा सरस १० ग्रॅम आणि पाणी १०० मिली हे मूळ द्रावण. सरस थंड पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी तो फुगलेला असतो. त्याच पाण्यासकट दुहेरी भांड्यात ६० ते ६५ अंशांवर विरघळवायचा आणि फडक्यातून गाळायचा. उकळी येऊ द्यायची नाही. उकळल्यावर त्यातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटतात, द्रावण दिसायला तसंच राहतं पण चिकटपणा जातो. परत परत गरम केलेल्या सरसाचंही तेच होतं. म्हणून रोज लागेल तेवढाच गरम करा, बाकीचा फ्रिजमध्ये. तीन-चार दिवसांपेक्षा जुना वापरू नका, आणि वास आला किंवा तो थंडीतही गोठेनासा झाला तर फेकून द्या.

सुतारकामाचा सरस बहुतेकदा हाडांचा, गडद तपकिरी आणि प्रत्येक खेपेला वेगळ्या ताकदीचा असतो. निळ्या रंगाखाली त्याचा पिवळेपणा दिसतो. कातड्याचा फिका सरस मिळाला तर उत्तम. नाहीतर बिनवासाचं, बिनसाखरेचं साधं जिलेटिन घ्या. ते जास्त लवकर गोठतं, म्हणून ८ ग्रॅमपासून सुरुवात करा आणि हिवाळ्यात बशी कोमट पाण्याच्या ताटात ठेवून काम करा.

रंग कालवताना घाई नको. उथळ पांढऱ्या बशीत एक चमचा रंग घ्या, त्यावर मूळ द्रावणाचे थेंब टाका आणि मधल्या बोटाने बशीच्या तळाशी घोळवत राहा. प्रत्येक कणाला सरसाचं आवरण चढलं की बोटाखालची खरखर कमी होते आणि रंगाला ओलसर चमक येते. त्यानंतरच पाणी घालायचं. आधी पाणी, मग सरस असं केलं तर सरस पाण्यात राहतो, कणांवर बसत नाही. जाड कणांना मूळ द्रावण तसंच लागतं, कारण कण जड आणि कागदाला टेकणारी जागा थोडी. बारीक पूड अर्ध्या ताकदीच्या सरसाने धरते, पण तिचा एकूण पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ती सरस पिते जास्त.

आणखी एक चूक फार लोकांकडून होते. बशीतला जाड रंग क्षणात तळाला बसतो. कुंचला दर वेळी तळापासून ढवळून भरला नाही तर सुरुवातीच्या फटकाऱ्यांत नुसतं सरसाचं पाणी जातं आणि शेवटच्या फटकाऱ्यांत सरस नसलेला रंग. तुमच्या भुकटीत याचाही वाटा असू शकतो.

थरांचा नियम एकच: खालचा थर सरसाने सबळ, वरचा त्याच्या बरोबरीचा किंवा किंचित दुबळा. उलट झालं की वरचा थर आकसताना खालच्याला सोलतो. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, आणि रुंद मऊ कुंचला एकदाच फिरवायचा. पुन्हा पुन्हा घासला तर वरच्या थरातलं पाणी खालचा सरस विरघळवतं आणि दोन्ही थर एकमेकांत कालवले जातात.

सध्याचा फलक वाचवता येईल. सुटलेले पापुद्रे मऊ कुंचल्याने झाडून गोळा करा, चकाकणारा भाग कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपून जादा सरस काढा. भुकटी सुटणाऱ्या भागावर २ टक्के सरसाचं कोमट पाणी बारीक फवाऱ्याने दोनदा मारा, मध्ये वाळू द्या. झाडून काढलेला रंगही टाकायचा नाही. गरम पाण्यात ढवळून, बसू देऊन, वरचं पाणी ओतून द्या. असं तीन-चारदा केलं की सरस निघून जातो आणि खनिज पुन्हा वापरता येतं.

कागदवाली

खलबत्ता यांनी सरसाचं सगळं सांगितलंच आहे. मी कागदापुरतं लिहिते, कारण निम्मे दोष तिथूनच सुरू होतात.

कुमोहादा हा एचिझेन भागात, म्हणजे आजच्या फुकुई प्रांतात बनणारा जाड कागद. त्यात ताग-अंबाडीच्या जातीचे भांगेचे तंतू आणि तुतीच्या कुळातल्या कोझो झुडपाच्या सालीचे तंतू असतात. कोझोचे तंतू लांब असतात, म्हणून कागद पुन्हा पुन्हा भिजला तरी आतून सुटत नाही. आपला सुती हातकागद चांगला असतो, पण त्याचे तंतू आखूड. दहाबारा ओल्या थरांनंतर तो वरून पिंजतो. इथे मिळण्यासारखा जवळचा पर्याय म्हणजे नेपाळी लोकता. तो पातळ असतो, म्हणून दोन ताव एकमेकांवर, तंतूंची दिशा आडवी-उभी ठेवून गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवा. खाली प्लायवर आधी धुतलेला मंजरपाट ताणून लावा. प्लायमधला तपकिरी अंश ओलीबरोबर वर येतो आणि कागद डागाळतो. मंजरपाट आणि खळीचा थर त्याला बराच अडवतो. प्लायच्या कडा आणि पाठही आधी बंद करून घ्या.

आता दोसा. सरस आणि तुरटीचं हे पाणी कागदाला दिलं नाही तर रंग कागदात शिरून मरतो. प्रमाण १ लीटर पाण्याला सरस १५ ते २० ग्रॅम, तुरटी ५ ग्रॅम. तुरटी वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून, सरस कोमट झाल्यावर ढवळत थोडी थोडी घालायची. दाट गरम सरसात ती एकदम टाकली तर मिश्रण तिथेच थिजतं. तुरटी ढोबळ हाताने घेऊ नका, ग्रॅमचा काटा वापरा. जास्त झाली की कागदावर बारीक स्फटिक चमकतात, आणि तिच्या आम्लतेने कागद पुढे पिवळा आणि ठिसूळ होतो.

आधी पाठीला एक हात, वाळल्यावर पुढून एक, तो वाळल्यावर पुढूनच आडव्या दिशेने दुसरा. एका जागी कुंचला दोनदा फिरवायचा नाही, फेस येऊ द्यायचा नाही. फेसाचा प्रत्येक बुडबुडा पुढे रंगात पांढरट ठिपका होतो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवून पाहा. थेंब उभा राहिला तर कागद तयार, पसरून गडद झाला तर अजून एक हात.

वडोदऱ्याच्या हवेचं म्हणाल, तर दोसा ऑक्टोबर ते फेब्रुवारीत देऊन कागद तयार करून ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये दोसा दिवसभर वाळत नाही, मधल्या वेळात तो ठिकठिकाणी कागदात खोल उतरतो, आणि रंग लावल्यावर तिथे ढगाळ डाग दिसतात. ते नंतर झाकत नाहीत. मे महिन्यात उलट त्रास: पंख्याशिवायही कुंचल्यामागे पाणी उडून जातं आणि पट्टे उमटतात. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे, खिडक्या बंद करून. पावसाळ्यात रंगाचं काम थांबवायची गरज नाही, पण दोन थरांमध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या, आणि अर्धवट फलक भिंतीला टेकवून ठेवू नका. मागून हवा खेळली नाही की सरसावर बुरशी धरते, आणि ती आधी काळपट ठिपक्यांच्या रूपात पाठीमागे दिसते, पुढून लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

हिंगूळ

रंगांबद्दल. जयपूरचे दगडी रंग चालतात, पण पुडी उघडल्यावर आधी तपासा. 'दगडी निळा' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात: अॅझुराइट, लाजवर्द आणि कारखान्यातली अल्ट्रामरीन. फुजिमुरांच्या निळ्याचा गाभा अॅझुराइट. तपासायला चिमूटभर पूड स्टीलच्या जुन्या चमच्यात घेऊन गॅसवर धरा. अॅझुराइट तांब्याचं कार्बोनेट आहे, ते तापून काळं पडतं. अल्ट्रामरीन निळीच राहते. दुसरी परीक्षा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाची. अॅझुराइट फसफसतं आणि थेंब निळसर-हिरवा होतो. अल्ट्रामरीनचा रंग उडतो आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. मॅलाकाइट हिरवाही तांब्याचाच, तोही फसफसतो. रंगवलेली दगडाची पूड ओळखायला चिमूटभर स्पिरिटमध्ये टाका. स्पिरिट रंगलं तर ती परत करा.

पण सगळ्यात महत्त्वाचा फरक कणाच्या आकाराचा आहे, आणि फुजिमुरांची पद्धत समजून घ्यायची तर इथेच थांबून नीट पाहायला हवं. जपानी दुकानांत एकच दगड साधारण ५ ते १३ अशा क्रमांकांत मिळतो, त्याच्याही पुढे 'ब्याकु' ही सर्वांत बारीक पूड. क्रमांक लहान तितका कण जाड आणि रंग गडद. अॅझुराइट ५ क्रमांकाला गर्द रात्रीसारखा निळा असतो, १३ ला फिका आकाशी, ब्याकुला जवळपास पांढुरका. त्यात पांढरा मिसळलेला नसतो. कण लहान झाले की प्रकाश पृष्ठभागांवरूनच विखरून परत येतो, खनिजाच्या आत जाऊन रंगून यायला त्याला अंतर मिळत नाही. त्यामुळे एका दगडातून अख्खी छटांची पट्टी निघते.

आपल्याकडे पुडीत सगळे आकार एकत्र येतात. ते घरीच वेगळे करता येतात. उभ्या काचेच्या भांड्यात पाणी १० सेंटिमीटर भरेल इतकं घ्या, रंग टाकून जोरात ढवळा आणि घड्याळ लावा. अॅझुराइटचा ५० मायक्रॉनचा कण एवढ्या पाण्यातून साधारण अर्ध्या मिनिटात तळाला जातो, २५ मायक्रॉनचा पावणेदोन मिनिटांत, १२ चा सात-आठ मिनिटांत. आकार निम्मा झाला की वेळ चौपट. म्हणजे ३० सेकंदांनी वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी राहिला तो जाड. दुसऱ्यातलं पावणेदोन मिनिटांनी तिसऱ्यात, तिसऱ्यातलं आठ मिनिटांनी चौथ्यात. जाड भागाबरोबर काही बारीक कण राहतातच, म्हणून प्रत्येक भाग दोन-तीनदा याच रीतीने धुवा. पाण्यात सरसाचा थेंबही नको, नाहीतर बारीक कण तरंगत राहतात.

हिंगूळ आणि अॅझुराइट एका बशीत मिसळून जांभळा करायचा प्रयत्न करू नका. हिंगुळाची घनता ८ च्या आसपास, अॅझुराइटची ३.८. बशीतच दोन्ही वेगळे होतात. निहोंगात असा रंग थरांवर थर देऊन मिळवतात: खाली हिंगूळ, वाळल्यावर वर विरळ निळा, मधल्या फटींतून लाल डोकावतो.

अॅझुराइट आणि मॅलाकाइट तव्यावर भाजून गडद करायची जपानी रीत आहे. जाड कण कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत राहिलं की निळा आधी राखाडी, मग काळसर होतो. हवा तिथे उतरवून लगेच थंड ताटात पसरायचा, कारण तवा खाली घेतला तरी रंग पुढे जात राहतो. हे उघड्यावर, तोंडाला धुळीचा मास्क लावून, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर. हिंगूळ मात्र कधीही तापवायचा नाही. तो पाऱ्याचा सल्फाइड आहे, तापला की पाऱ्याची वाफ निघते. हरताळ आर्सेनिकचा, तो हाताळूच नका, आणि तांब्याच्या रंगांशेजारी तर मुळीच नको, दोन्ही काळवंडतात. बोटाने घोळवायची रीत अॅझुराइटपुरती ठीक, हिंगुळाला पातळ हातमोजा घाला.

पांढऱ्यासाठी गोफुन. ती शिंपल्यांची पूड. शिंपले वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून जीर्ण झाले की दळतात. शंख-शिंपले भाजून केलेला चुना त्याच्या जागी चालत नाही. तो तीव्र अल्कली असतो, सरसाची ताकद मारतो. गोफुन नसेल तर चांगली पांढरी खडू-माती घ्या. खलात कोरडीच बारीक करा, सरस थेंबाथेंबाने घालत गोळा होईपर्यंत मळा, मग तो गोळा बशीवर शंभरेक वेळा आपटा. त्यात अडकलेली हवा निघते. ही पायरी गाळली की वाळल्यावर केसासारख्या भेगा पडतात. नंतर गोळ्याची वळी करून बशीत दाबा, त्यावर गरम पाणी ओतून थोड्या वेळाने टाकून द्या, आणि मग साध्या पाण्याने हवं तितकं पातळ करा.

दांडियाबाजार_रंग

खूप खूप आभार. पाणसळ लावून पाहिली, तो कोपरा खरंच खाली आहे. दोन गोष्टी राहिल्या. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, सरसाची एवढी उस्तवार कशाला, अॅक्रिलिक माध्यमात हीच खनिजं कालवली तर पावसाळा, बुरशी, भुकटी सगळेच प्रश्न सुटतात. आणि अमूर्ततेचा प्रश्न तसाच आहे.

खलबत्ता

प्रश्न सुटतात हे खरं, पण ज्यासाठी हे सगळं करायचं तीच गोष्ट हातची जाते. सरस वाळल्यावर फार थोडा उरतो. कण जागच्या जागी धरले जातात, पण त्यांचे बरेचसे पैलू हवेत उघडे राहतात. प्रकाश हवेतून खनिजात आणि खनिजातून हवेत असा जाताना जोरात वळतो आणि परततो, म्हणून पृष्ठभाग चकाकीशिवाय उजळ दिसतो. अॅक्रिलिक कणांभोवतीची सगळी पोकळी भरून टाकतं. ओला दगड गडद दिसतो तसा रंग कायमचा गडद होतो आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा बसतो. मग क्रमांक ५ आणि क्रमांक ११ यांतला फरकही बराच पुसला जातो. याच कारणासाठी पूर्ण चित्रावर वॉर्निश नको. अॅक्रिलिक वापरायचंच असेल तर प्लायची पाठ आणि कडा बंद करायला वापरा, तिथे ते सरसापेक्षा चांगलं.

सूरसागरकाठ

अमूर्ततेबद्दल. माझं स्पष्ट मत असं की फुजिमुरांच्या चित्रांत अमूर्तता साहित्यातून येते, जपानी साहित्य वापरून अमेरिकी पद्धतीचं चित्र काढलं असा तो मामला नाही.

जपानी चित्रकार सोतात्सु आणि त्याच्या मागून आलेल्या रिंपा परंपरेत, म्हणजे १७ व्या शतकापासून, ताराशिकोमी नावाची रीत आहे. पहिला रंग ओला असतानाच त्यात दुसरा सोडायचा आणि दोघांनी आपापली हद्द ठरवायची. त्या चित्रांत हा खेळ पानाच्या किंवा खोडाच्या आकाराच्या आत चालायचा. फुजिमुरांनी बाहेरचा आकार काढून टाकला आणि तोच खेळ फलकभर पसरू दिला. आता हिंगूळ यांनी कणांचं जे सांगितलं ते इथे जोडून पाहा. मिश्र आकाराचा रंग ओल्या कागदावर ओतला की जाड कण खोलगट जागी थांबतात, बारीक कण पाण्याबरोबर कडेपर्यंत जातात, आणि वाळल्यावर आत गर्द, बाहेर फिकी अशी किनार आपोआप उमटते. ती कुंचल्याने काढायला गेलात तर खोटी दिसते.

म्हणजे योजना असते, पण ती रेषेची नसते. कुठे किती पाणी, कोणता कण, फलकाला कोणत्या बाजूने किती कल, आणि कधी थांबायचं, एवढं ठरवायचं. करून पाहायला असं करा. दोसा दिलेल्या कागदावर आधी गोफुनचे दोन पातळ हात द्या, म्हणजे थरांखालून प्रकाश परतेल. वाळल्यावर मधला कण, मग जाड, मग पुन्हा बारीक. जाडावर बारीक गेला की तो दऱ्यांत बसतो आणि जाडाची शिखरं उघडी राहतात. याच्या उलट केलं तर जाड कण नुसते वर सांडलेले दिसतात. पहिले चार-पाच थर फलक अगदी सपाट ठेवून. नंतरच्या एखाद्या थराला, रंग ओतून झाल्यावर, एका कडेखाली सेंटिमीटरभर चीप घालून दोन-तीन मिनिटं कल द्या आणि परत सपाट करा. खलबत्ता म्हणाले तो सरस वाहण्याचा धोका इथे आहेच, म्हणून या थराचा सरस दुबळा ठेवायचा. फुजिमुरांच्या चित्रांत असे थर कित्येक डझन असतात. सहा-सात थरांवर चित्र रिकामं वाटलं तर घाबरून त्यात आकार घुसवू नका, तेवढ्यात त्याला खोली येतच नाही.

तुलनेसाठी हिरोशी सेन्जू पाहा. जन्म १९५८, निहोंगाचेच. १९९५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात त्यांच्या धबधब्याच्या चित्राला सन्मान मिळाला होता. ते रंग फलकाच्या वरच्या कडेवरून खाली वाहू देतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणच धबधबा काढतं. तिथे विषय ओळखू येतो, इथे येत नाही, पण दोघांचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे: पाणी खनिजाला कुठे नेतं. मला स्वतःला फुजिमुरांचं काम जास्त अवघड वाटतं, कारण सेन्जूंच्या चित्रात धबधबा प्रेक्षकाला हाताला धरून नेतो; फुजिमुरांना ते काम फक्त थरांकडून करून घ्यायचं आहे.

आणि वडोदऱ्यात राहून हे परकं समजायचं कारण नाही. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो हे जपानी चित्रकार १९०३ मध्ये कोलकात्यात आले होते. बाह्यरेषा टाळून रुंद कुंचल्याने रंग विरवत नेण्याची त्यांची रीत तिथल्या वॉश पद्धतीच्या घडणीत उतरली. त्यांच्यामागून अराई काम्पो १९१६ च्या सुमारास आले, त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. नंदलाल बोस या सगळ्याच्या मध्यावर होते, १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर जपानलाही जाऊन आले. त्याच नंदलालांनी सयाजीरावांच्या बोलावण्यावरून आपल्या कीर्तिमंदिरात १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगवल्या. तुमच्या गटाने गंगावतरणाच्या भिंतीसमोर उभं राहून रेषा कुठे रंगाला अडवते आणि कुठे सोडून देते एवढंच पाहावं. मग नसरीन मोहमदींची रेखाटनं पाहावीत, त्या १९७२ पासून इथल्या ललित कला विभागात शिकवत होत्या. रिकाम्या जागेचं वजन कसं सांभाळायचं हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलेलं नाही, आणि फुजिमुरांच्या पद्धतीने काम करणारा बहुतेक वेळा तिथेच चुकतो: थर भरपूर, मोकळी जागा शून्य.

हिंगूळ

वर्खाचं राहिलं होतं. मिठाईवाल्यांचा वर्ख फार पातळ, त्यात भोकं असतात. पोतासाठी चालतो, सलग पृष्ठभागासाठी नाही. ३ टक्के सरसाचा हात द्या, तो चिकटसर झाला की वर्ख सोडून कागद ठेवून कापसाने दाबा, वाळल्यावर जादा झाडा, आणि वरून पातळ दोसा. खरी चांदी हवेतल्या गंधकाने आधी पिवळी, मग तपकिरी, शेवटी काळी होते. कुणाला तो बदल हवा असतो, पण तो सारखा होत नाही. हिंगुळाला चिकटून चांदी लावू नका. बाजारात स्वस्त वर्खाच्या नावाखाली अॅल्युमिनियम मिळतो, खाण्याला वाईट, पण आपल्या कामाला सोयीचा: तो काळा पडत नाही. गंधकाच्या भीतीशिवाय थंड पांढरी चमक हवी असेल तर मुद्दाम तोच वापरा.

सूरसागरकाठ

इथे थोडा मतभेद. अॅल्युमिनियमची चमक निळ्या थराखाली सपाट दिसते. चांदी घेऊन तिच्यावर दोन हात दोसा दिला तर काळवंडणं बरंच मंदावतं, आणि जे थोडं होतं ते चित्राला ऊब देतं. पण विकण्यासाठी काम असेल, आणि घेणाऱ्याने ते कसंही ठेवण्याची शक्यता असेल, तर हिंगूळ यांचं म्हणणं ऐकावं.

दांडियाबाजार_रंग

शेवटचं विचारते. असा फलक काचेत घालायचा का? आणि घातला तर पावसाळ्यात आत ओल धरणार नाही का?

कागदवाली

काच हवीच, कारण हा पृष्ठभाग पुसता येत नाही. धूळ कणांच्या मध्ये बसली की कायमची. पण काच चित्राला टेकता कामा नये. आतून १० ते १२ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी चारी बाजूंनी घाला. ॲक्रिलिकची शीट काचेऐवजी घेऊ नका, तिला स्थिर वीज धरते आणि सैल कण उडून तिला चिकटतात. मागची पाठ पूर्ण चिकटपट्टीने बंद करण्याआधी फलक दोन कोरडे आठवडे उघडा राहू द्या. सरसातली ओल आत कोंडली तर काचेच्या आतल्या बाजूला धुकं येतं आणि मग बुरशी. भिंतीवर लावताना फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फलक यांच्यात बोटभर हवा राहील. बाहेरच्या, पाऊस मारणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवरच लावा. फलक तयार झाला की फोटो बाजूने प्रकाश टाकून काढून इथे टाका. समोरून फ्लॅश मारलात तर कण दिसणारच नाहीत.